सीडीने झाकलेल्या चुका

गाण्यांची सीडी संगणकात घालून तिच्यातील ध्वनी उतरवून घेतला की मूळ तबकडीची हुबेहूब प्रत हाती आली, असा सर्वसाधारण समज आहे. कारण तबकडीवर जे आहे ते अंकांच्या रूपात आहे आणि अंक उतरवताना बदलत नाहीत, असे गृहीत धरले जाते. छायाचित्रे किंवा दस्तऐवज साठवलेल्या सीडीच्या बाबतीत हे बहुतांशी खरे असले, तरी ध्वनीच्या सीडीला ते तसेच्या तसे लागू पडत नाही, आणि याचे कारण फिलिप्स व सोनी या कंपन्यांनी १९८० साली निश्चित केलेल्या तिच्या रचनेतच आहे.

या रचनेनुसार ध्वनिलहरीची पातळी दर सेकंदाला ४४,१०० वेळा मोजली जाते आणि डाव्या व उजव्या वाहिनीचे प्रत्येक मोजमाप, म्हणजेच ‘नमुना’, १६ बिटांत लिहिला जातो. एका सेकंदाच्या ध्वनीचे ७५ भाग पाडलेले असून अशा प्रत्येक भागात, म्हणजे ‘सेक्टर’मध्ये, २,३५२ बाइट असतात. पुढे संगणकासाठी सीडी-रॉम आली, तेव्हा एवढ्याच आकाराच्या सेक्टरमध्ये माहितीला २,०४८ बाइट देऊन उरलेली जागा मुख्यतः सेक्टरचा पत्ता आणि चूक शोधून ती सुधारणारे जादा अंक यांच्यासाठी ठेवण्यात आली. ध्वनीच्या सीडीत मात्र सगळेच्या सगळे बाइट संगीताचे.

याचा अर्थ तिला संरक्षणच नाही असा नव्हे. ध्वनीचे अंक तबकडीवर सलग न लिहिता विखरून लिहिलेले असतात आणि त्यांच्यात पडताळणीचे अंक गुंफलेले असतात, त्यामुळे सुमारे अडीच मिलिमीटरपर्यंतचा खंड यंत्राला पूर्णपणे भरून काढता येतो. प्रश्न त्यापलीकडच्या नुकसानीचा आहे. दुरुस्ती अशक्य झाली तरी यंत्र थांबत नाही. ते अलीकडच्या व पलीकडच्या नमुन्यांवरून मधल्या नमुन्याचा अंदाज बांधते आणि तो अंदाज खऱ्या नमुन्यासारखाच पुढे पाठवते. श्रोत्यासाठी ही सोय उत्तमच, कारण ऐन तानेत खरखर उमटण्यापेक्षा एखादा अदमासे भरलेला नमुना परवडला. जतनाच्या दृष्टीने मात्र हाच गुण दोष ठरतो, कारण मूळ हरवल्याची खूण न राहता तेथे बेमालूम रफू झालेले असते.

म्हणूनच १९९८ साली अँड्रे वीटहॉफ या जर्मन प्रोग्रामरने ‘एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी’ नावाची आज्ञावली प्रसृत केली, तिचा सारा भर यंत्रावर विश्वास न ठेवण्यावर आहे. ही आज्ञावली प्रत्येक सेक्टर किमान दोनदा वाचते आणि दोन्ही वाचने जुळली नाहीत तर तोच भाग पुन्हापुन्हा वाचून बहुमताने निर्णय घेते. यातही एक मेख आहे: अनेक ड्राइव्ह नुकताच वाचलेला भाग आपल्या तात्पुरत्या स्मृतीत ठेवतात आणि दुसऱ्यांदा मागणी आल्यावर तबकडीकडे न पाहता तोच परत देतात, म्हणजे चूक स्वतःशीच जुळते, त्यामुळे दोन वाचनांच्या मध्ये मुद्दाम दुसरीकडचा मजकूर वाचून ती स्मृती रिकामी करावी लागते.

सेक्टरमध्ये पत्ता नसल्याचा आणखी एक परिणाम असा, की प्रत्येक मॉडेलचा ड्राइव्ह ठरावीक नमुन्यांनी अलीकडे किंवा पलीकडे सरकून वाचायला सुरुवात करतो. हे अंतर काही मॉडेलांत ६ नमुन्यांचे, तर काहींत ६६७ नमुन्यांचे, म्हणजे सुमारे १५ मिलिसेकंदांचे असते. कानाला ते कळत नाही, पण दोन यंत्रांवर केलेल्या प्रती अंकाअंकाने ताडून पाहायच्या असतील तर हा फरक वजा करणे अपरिहार्य ठरते.

ताडून पाहण्याचे महत्त्व यासाठी, की चुकाही योगायोगाने सारख्या होत नाहीत. ‘ॲक्युरेटरिप’ या सामायिक माहितीसाठ्यात निरनिराळ्या लोकांनी आपापल्या तबकडीच्या प्रतींवरून काढलेल्या पडताळणी-संख्या जमा होतात. आपली संख्या अनोळखी माणसांच्या संख्यांशी जुळली, तर प्रत बरोबर असल्याचा याहून भक्कम पुरावा सहसा मिळत नाही. गाजलेल्या तबकड्यांसाठी हा मार्ग सुकर आहे. एखाद्या गावच्या भजनी मंडळाने किंवा संगीत नाटकाच्या हौशी संस्थेने थोडक्याच प्रतींत काढलेल्या सीडीला जोड सापडेलच असे नाही, आणि खरे तर जतनाची निकड अशाच तबकड्यांना अधिक असते. त्यातून ती घरी भरलेली सीडी-आर असेल तर तिच्यातला रंगद्रव्याचा थर उन्हाने व काळाने खराब होत जातो. तेथे वेगवेगळ्या बनावटीच्या दोन ड्राइव्हवर वाचन करून निकाल जुळवणे एवढाच उपाय उरतो. ओरखडे पाहताना चकचकीत बाजूकडेच लक्ष जाते, परंतु त्या बाजूला सव्वा मिलिमीटरच्या आसपास जाडीचे पारदर्शक प्लास्टिक असते, तर छापील बाजूला परावर्तक थरावर केवळ लाखेचा पातळ लेप असतो. तिथला चरा थेट माहितीच खरवडून नेतो.

वाचलेला ध्वनी ‘फ्लॅक’ या स्वरूपात ठेवणे सोयीचे, कारण त्यात एकही बिट न गमावता आकार कमी होतो आणि मूळ ध्वनीची पडताळणी-संख्या फाइलमध्येच नोंदलेली राहते. सोबत गाण्यांच्या सीमा सांगणारी ‘क्यू शीट’ आणि कोणता सेक्टर नीट वाचता आला नाही हे सांगणारी नोंदवहीही जपावी लागते. पहिल्या गाण्याच्या आधीच्या मोकळ्या जागेत काही तबकड्यांवर संगीत दडवलेले असते आणि नेहमीच्या पद्धतीने उतरवताना ते सुटून जाते. सुरुवातीच्या काळातल्या काही तबकड्यांवर तर उच्च स्वर मुद्दाम वाढवून नोंदलेले आहेत; ते पुन्हा उतरवण्याची सूचना यंत्राला एका चिन्हाद्वारे मिळते, आणि ते चिन्ह प्रतीत आले नाही तर आवाज कायमचा कर्कश राहतो. ही सुधारणा करायची ती ऐकण्यासाठी काढलेल्या दुय्यम प्रतीत. मूळ प्रतीत वाढवलेले स्वर तसेच ठेवून चिन्हाची नोंद तेवढी करतात.