छताची नक्षी आणि नक्षीमागचा स्लॅब

बदलापूरच्या नव्या संकुलात सॅम्पल फ्लॅट बघायला आलेलं कुटुंब दारातूनच वर बघतं. कडेने फिरलेली पीओपीची पट्टी, मधोमध झुंबराभोवती फूल, खाचेत दडवलेले पिवळे दिवे. घराचा ताबा मिळाला की पहिला फोन पीओपीवाल्याला जातो. उल्हासनगरच्या कॅम्पांमधल्या जुन्या इमारतींत हेच काम पुष्कळदा वेगळ्याच कारणाने निघतं: स्लॅबचे सुटलेले पोपडे पाहुण्यांना दिसू नयेत म्हणून. एकाला छत सजवायचं असतं, दुसऱ्याला झाकायचं असतं. छताच्या नक्षीविषयीचे बरेच गैरसमज या दोन गोष्टींची गल्लत केल्याने झाले आहेत.

गैरसमज 1: नक्षीदार छत ही इंग्रजांची देणगी.

वस्तुस्थिती: भिंत आणि छताच्या सांध्यावरची पट्टी म्हणजे कॉर्निस आणि झुंबराचं फूल, ही रूपं इंग्रजी अमलातल्या मुंबईतून आपल्याकडे आली, हे खरं. पण छत सजवण्याची हौस फार जुनी. अंबरनाथचं शिवमंदिर शके 982 चं, म्हणजे इसवी सन 1060 चं. शिलाहार राजा मम्वाणीच्या काळातला शिलालेख तिथे आहे. सभामंडपात उभं राहून मान वर केली की दगडाची वर्तुळं एकात एक लहान होत गेलेली दिसतात. प्रत्येक थर खालच्या थराच्या थोडा पुढे सरकवून हा घुमट साधला आहे, आणि कोरीवकाम त्याच दगडांवर आहे. पुढे मराठा काळात देवळांच्या शिखरांवर चुन्यात मूर्ती घडवल्या गेल्या, वाड्यांच्या छताला लाकडी तक्तपोशी आली. साच्याचं कामही अंबरनाथला नवं नाही. 1868 मध्ये मुंबईच्या जे. जे. कलाशाळेच्या पथकाने या मंदिराची रेखाटनं केली आणि कोरीवकामाचे साचे घेतले.

एक फरक मात्र मोठा आहे. मंदिरात नक्षी आणि भार पेलणारा दगड एकच. आपल्या हॉलमध्ये नक्षी खाली टांगलेली आणि भार पेलणारा स्लॅब तिच्याआड. पुढचे बहुतेक प्रश्न इथूनच निघतात.

गैरसमज 2: पीओपी वेगळं, जिप्सम वेगळं.

वस्तुस्थिती: मूळ द्रव्य एकच. जिप्सम हा खनिज दगड, आपल्या देशात तो मुख्यतः राजस्थानातून येतो. तो सुमारे 150 अंश सेल्सिअसला भाजला की त्यातलं बरंचसं पाणी उडून पांढरी भुकटी उरते, तीच प्लास्टर ऑफ पॅरिस. घमेल्यात पाणी घातलं की ती गेलेलं पाणी परत घेते, हाताला गरम लागते आणि काही मिनिटांत पुन्हा जिप्सम होऊन बसते. जिप्सम बोर्ड म्हणजे हेच द्रव्य कारखान्यात दोन कागदांमध्ये घट्ट केलेलं. सपाट छताला बोर्ड सोयीचा, त्याचं काम लवकर आणि कमी कचऱ्यात उरकतं. गोलाई, फुलं, वेलबुट्टी यांना पीओपीच हवं.

या रसायनातूनच दोन पथ्यं निघतात. पावसाळी दमट हवेत गोणी फरशीवर उघडी राहिली तर भुकटी हवेतलीच ओल घेते आणि पुढे नीट बसत नाही. आणि घट्ट होऊ लागलेल्या घमेल्यात पुन्हा पाणी ओतून ते वापरलं तर काम ठिसूळ होतं. जाणता कारागीर म्हणूनच थोडं थोडं कालवतो आणि उरलेलं फेकून देतो.

गैरसमज 3: पीओपीवर बंदी आहे, मग घरात कसं चालेल?

वस्तुस्थिती: हा वाद गणेशमूर्तींचा आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2020 च्या मार्गदर्शक सूचना मूर्ती आणि त्यांचं विसर्जन यांविषयी आहेत. नदी-तलावात पीओपी सहज विरघळत नाही, गाळ होऊन तळाशी साचतं, हा आक्षेप. घराच्या छताचा त्याच्याशी संबंध नाही. जुनं छत तोडल्यावर निघणारा राडारोडा मात्र वालधुनीच्या किंवा उल्हास नदीच्या काठी टाकला, तर तोच आक्षेप आपल्यालाही लागू होतो.

गैरसमज 4: पीओपीच्या ओझ्याने स्लॅब कमकुवत होतो.

वस्तुस्थिती: हिशेब करून पाहा. पाच इंची काँक्रीट स्लॅबचं वजन दर चौरस मीटरला सुमारे 300 किलो. जिप्सम बोर्डाचं छत सांगाड्यासकट त्याच मापाला साधारण 10 ते 15 किलो भरतं. धडधाकट स्लॅबला हे ओझं जाणवतही नाही. धोका असतो तो ते टांगण्याच्या पद्धतीत. पोपडे सुटलेल्या काँक्रीटमध्ये ठोकलेला खिळा कधी निसटेल याचा भरवसा नसतो. पंखा आणि झुंबर पीओपीला कधीच लटकवू नये. त्यांचा हूक थेट स्लॅबमध्येच हवा.

गैरसमज 5: गळतीवर पीओपी केलं की प्रश्न मिटला.

वस्तुस्थिती: सगळ्यांत महाग पडणारा गैरसमज हाच. जिप्सम पाण्यात थोडं का होईना विरघळतं, लिटरमागे दोन ग्रॅमच्या आसपास. वरच्या मजल्यावरचं न्हाणीघर ठिबकत राहिलं की आधी पिवळा डाग पडतो, मग फुगवटा येतो, शेवटी तुकडा खाली. तोही एक इशाराच असतो. खरी हानी वर चाललेली असते. ओल सळयांपर्यंत पोचली की त्या गंजतात, गंजाचं आकारमान मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक होतं आणि तो काँक्रीट आतून फोडतो. उघड्या स्लॅबवर अशी भेग पडताच दिसली असती. नक्षीआड ती वर्षानुवर्षं दिसत नाही.

उल्हासनगरने स्लॅब कोसळण्याचं दुःख सोसलं आहे. मे 2021 मध्ये पंधरा दिवसांच्या आत दोन इमारतींचे स्लॅब कोसळले. त्यांपैकी साईसिद्धी इमारतीत 7 जणांचे प्राण गेले. 30 वर्षांहून जुन्या इमारतींची संरचनात्मक तपासणी, म्हणजे स्ट्रक्चरल ऑडिट, कायद्याने बंधनकारक आहे. ती करायला अभियंता येतो तेव्हा त्याला स्लॅबचा तळ दिसायला हवा. ‘नवीन पीओपी आहे, तोडू नका’ म्हणून त्याला अडवणं म्हणजे डॉक्टरकडे जाऊन छाती तपासू न देणं.

गैरसमज 6: पीओपीपेक्षा पीव्हीसी आणि थर्माकोल सुरक्षित, कारण ते पाण्याने खराब होत नाहीत.

वस्तुस्थिती: पाण्याबाबत खरं, आगीबाबत उलट. जिप्समच्या वजनाचा सुमारे पाचवा हिस्सा बांधलेल्या पाण्याचा असतो. आग लागली की आधी ते पाणी वाफ होऊन जातं आणि तेवढा वेळ ज्वाळा पुढे सरकायला उशीर लागतो. थर्माकोलच्या तयार पट्ट्या मात्र वितळून पेटते थेंब गाळतात, तर जळत्या पीव्हीसीतून दाहक वायू निघतो. खाचेतल्या दिव्यांची वायर तापली तर वर काय आहे, याला महत्त्व येतं. बाथरूमपुरतं पीव्हीसी ठीक, स्वयंपाकघरात आणि हॉलमध्ये जिप्समच बरं.

गैरसमज 7: फॉल्स सीलिंगने घर थंड होतं.

वस्तुस्थिती: सगळ्यांत वरच्या मजल्यावर स्लॅबखालच्या हवेच्या थराने थोडा फरक पडतो. मधल्या मजल्यावर जवळजवळ नाही, कारण तिथे डोक्यावर ऊन नसून शेजाऱ्यांची फरशी असते. जाते ती उंची. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार राहत्या खोलीची उंची किमान 2.75 मीटर हवी. वातानुकूलित खोलीत फॉल्स सीलिंगखाली ती 2.4 मीटरपर्यंत चालते. जेमतेम 2.75 मीटर उंचीच्या खोलीत दोन पायऱ्यांचं छत उतरवलं की पंखा डोक्याशी येतो. अशा घरात कडेची पट्टी आणि मधलं फूल एवढंच शोभतं.

मग नक्षी करूच नये का? जरूर करावी, पण क्रम पाळावा. आधी गळतीचा उगम बंद करावा. मग लाकडी हातोडीने स्लॅब ठोकून बघावा. पोकळ आवाज आला तर आधी अभियंता, मग पीओपीवाला. न्हाणीघराच्या सांध्याखाली छताला उघडता येणारी झडप ठेवून घ्यावी. आणि काम सुरू होण्याआधी उघड्या स्लॅबचे फोटो काढून घराच्या कागदपत्रांसोबत ठेवावेत. अंबरनाथच्या सभामंडपात मान वर केली की छत कशावर उभं आहे ते दिसतं. आपल्या घरात ते दिसत नाही, म्हणून निदान फोटोत तरी असावं.