अणुबॉम्ब तयार होण्याच्या ३१ वर्षं आधी तो एका कादंबरीत पडला होता!

६ ऑगस्ट १९४५ ला अमेरिकेने हिरोशिमावर अणुबॉम्ब टाकला. पण 'अणुबॉम्ब' हा शब्द त्याच्या ३१ वर्षं आधी, म्हणजे १९१४ मध्येच एका इंग्रजी कादंबरीत छापून आला होता. कादंबरीचं नाव 'द वर्ल्ड सेट फ्री' आणि लेखक एच. जी. वेल्स. 'द टाइम मशीन' लिहिणारे तेच वेल्स.

अशा गोष्टी 'लेखकाने भविष्य सांगितलं होतं' म्हणून व्हायरल होतात. खरी गोष्ट मात्र त्याहून रंजक आहे. अणुबॉम्बमागची मूळ कल्पना ज्या शास्त्रज्ञाला सुचली, त्याने ही कादंबरी आधीच वाचली होती.

वेल्सना हे सुचलं कुठून?

विज्ञानातूनच. १८९८ मध्ये रेडियमचा शोध लागला. अणूच्या पोटात प्रचंड ऊर्जा दडलेली आहे, हे हळूहळू लक्षात येऊ लागलं. फ्रेडरिक सॉडी या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९०९ मध्ये रेडियमवर सर्वसामान्यांना कळेल असं पुस्तक लिहिलं. वेल्सनी ते वाचलं आणि आपली कादंबरी त्या पुस्तकालाच अर्पण केली.

कादंबरीत १९३३ साली एक शास्त्रज्ञ अणूतली ऊर्जा बाहेर काढण्याचा मार्ग शोधतो. आधी त्यावर यंत्रं आणि वाहनं चालतात. कोळशाला किंमत उरत नाही, लोकांचे रोजगार जातात. मग १९५० च्या दशकात महायुद्ध पेटतं आणि विमानांतून हाताने अणुबॉम्ब टाकले जातात. शहरंच्या शहरं संपतात. शेवटी उरलेले नेते स्वित्झर्लंडमधल्या ब्रिसागो गावी जमतात आणि जगाचं एकच सरकार स्थापन करतात.

तपशिलात वेल्स बरेच चुकले. त्यांचे बॉम्ब एकदाच फुटत नाहीत, दिवसेंदिवस धगधगत राहतात. पण मूळ मुद्दा त्यांनी अचूक पकडला होता. एका माणसाला उचलता येईल एवढ्या वस्तूत अर्धं शहर उद्ध्वस्त करण्याची ताकद आली, तर जुन्या पद्धतीचं राजकारण पुरणार नाही.

सिग्नलवर सुचलेली कल्पना

आता गोष्टीत येतात लिओ झिलार्ड. बुडापेस्टमध्ये जन्मलेले ज्यू भौतिकशास्त्रज्ञ. 'ओपनहायमर' सिनेमातही ते दिसतात. १९३२ मध्ये बर्लिनमध्ये असताना त्यांनी वेल्सची कादंबरी वाचली. तेव्हा ती त्यांना निव्वळ गोष्टच वाटली. पुढच्याच वर्षी हिटलर सत्तेवर आला, झिलार्ड यांनी जर्मनी सोडली आणि ते लंडनला पोहोचले.

सप्टेंबर १९३३ मध्ये त्यांनी वर्तमानपत्रात अर्नेस्ट रदरफोर्ड यांच्या भाषणाची बातमी वाचली. अणूतून कामाची ऊर्जा मिळवण्याची आशा म्हणजे खुळी कल्पना आहे, असं त्यांचं मत त्यात होतं. झिलार्ड यांना ते पटेना. पुढे त्यांनी सांगितलेल्या आठवणीनुसार, ते चालत निघाले असताना साउथॅम्प्टन रो या रस्त्यावर सिग्नलला थांबले आणि रस्ता ओलांडताना त्यांना उत्तर सुचलं.

एका न्यूट्रॉनने अणू फुटला आणि त्यातून दोन न्यूट्रॉन बाहेर पडले तर? ते दोन आणखी दोन अणू फोडतील, मग चार, मग आठ. व्हॉट्सॲपवरचा फॉरवर्ड पसरतो, तसंच. हीच शृंखला अभिक्रिया. साल होतं १९३३, कादंबरीत दिलं होतं तेच. हा अर्थातच योगायोग.

कादंबरीने नक्की काय केलं?

कादंबरीत सूत्र नव्हतं, बॉम्बची कृतीही नव्हती. तिने झिलार्ड यांना दिली ती धास्ती. शास्त्रज्ञ शोध लावला की तो छापून जगाला सांगतात. झिलार्ड यांनी उलटं केलं. १९३४ मध्ये त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला आणि ते गुप्त ठेवण्याची धडपड सुरू केली. याचा अर्थ काय होतो हे मला वेल्स वाचल्यामुळे ठाऊक होतं, असं त्यांनी पुढे नोंदवून ठेवलं. ब्रिटिश युद्ध खात्याला त्यात गुप्त ठेवण्यासारखं काही वाटलं नाही. अखेर १९३६ मध्ये ब्रिटिश नौदलाने ते पेटंट गुप्त ठेवायचं मान्य केलं.

तेव्हा युरेनियमचा अणू फुटतो हेसुद्धा कुणाला माहीत नव्हतं. तो शोध १९३८ च्या डिसेंबरमध्ये लागला, तोही हिटलरच्या बर्लिनमध्ये.

मग बॉम्ब बनलाच कसा?

त्याच धास्तीतून. जर्मनीने आधी बॉम्ब बनवला तर काय, या भीतीने झिलार्ड यांनी २ ऑगस्ट १९३९ चं प्रसिद्ध पत्र तयार करायला पुढाकार घेतला. अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांना लिहिलेल्या त्या पत्रावर सही होती आइन्स्टाइन यांची. पुढे मॅनहॅटन प्रकल्प उभा राहिला आणि झिलार्ड त्यात कामही करत होते.

मे १९४५ मध्ये जर्मनी शरण आली. ज्या भीतीने बॉम्ब बनवायला घेतला होता, ती संपली. जुलैमध्ये झिलार्ड यांनी अध्यक्ष ट्रुमन यांच्यासाठी एक अर्ज लिहिला. शरणागतीच्या अटी जाहीर केल्याशिवाय आणि जपानने त्या नाकारल्याशिवाय बॉम्ब वापरू नका, अशी त्यात मागणी होती. त्यावर ७० शास्त्रज्ञांच्या सह्या होत्या. पण हिरोशिमावर बॉम्ब पडेपर्यंत तो अर्ज ट्रुमन यांच्यापर्यंत पोहोचलाच नाही.

म्हणजे कादंबरीतला इशारा ज्याने सगळ्यात गंभीरपणे घेतला, त्यालाच तो खरा होताना थांबवता आला नाही. गुपित राखणं एका माणसाला जमतं, पण बॉम्ब वापरायचा की नाही हे सरकार ठरवतं. वेल्सना हे माहीत होतं. म्हणूनच त्यांच्या कादंबरीत उपाय शास्त्रज्ञ नाही, तर नेते एकत्र येऊन काढतात.

वेल्स १९४६ मध्ये वारले. हिरोशिमा आणि नागासाकीची बातमी त्यांच्या हयातीतच आली. झिलार्ड पुढे अण्वस्त्रांविरोधात काम करत राहिले. १९६२ मध्ये त्यांनी 'कौन्सिल फॉर अ लिव्हेबल वर्ल्ड' ही संस्था स्थापन केली. त्याच्या आदल्या वर्षी त्यांचा 'द व्हॉइस ऑफ द डॉल्फिन्स' हा कथासंग्रह आला होता. त्याच नावाच्या कथेचा विषय होता, जग अण्वस्त्रांच्या स्पर्धेतून बाहेर कसं पडेल. वेल्सची कादंबरी वाचून सावध झालेल्या या शास्त्रज्ञाने शेवटी लोकांना सावध करायला विज्ञानकथाच लिहिली.