देवमासा आणि मावा

यवतमाळ जिल्ह्यापासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर. त्यामुळे देवमासा येथे पुस्तकातच भेटतो. मावा मात्र वणी, पांढरकवडा, घाटंजी परिसरात कपाशीच्या पानांखाली दर हंगामात आढळतो. निळा देवमासा तीस मीटरपर्यंत लांब भरतो. तेवढी रांग करावयाची तर दीड मिलिमीटरचे वीस हजार मावे लागतील.

आगमांत हत्ती आणि कुंथू यांचा दाखला येतो : देह लहानमोठा, जीव समान. परंतु या दोघांच्या वंशवृद्धीचा हिशेब अगदी निराळा आहे. देवमाशाची मादी (नावात ‘मासा’ असला तरी तो सस्तन प्राणीच) सुमारे वर्षभर गर्भ वागवते आणि दोन-तीन वर्षांतून एकदा एकच पिल्लू देते. माव्याच्या मादीला उष्ण प्रदेशात नराची गरजही भासत नाही. ती थेट जिवंत पिल्लांना जन्म देते, त्याही साऱ्या माद्याच. जन्मतःच त्यांच्या उदरात पुढच्या पिढीचे गर्भ वाढू लागलेले असतात. आठवडाभरात लेक आई होते. हे शुद्ध चक्रवाढ व्याज होय.

म्हणूनच मारण्याचा परिणामही उलटा होतो. विसाव्या शतकात दक्षिण गोलार्धात तेलासाठी तीन लाखांहून अधिक निळे देवमासे मारले गेले. १९६६ मध्ये बंदी आली, तरी ती मुद्दल अद्याप भरून आलेली नाही. माव्याचे तसे नाही. फवारणीत त्याच्याबरोबर त्याला खाणारे ढालकिडे आणि क्रायसोपाही मरतात. ते सावकाश परततात, मावा आधी परततो.

शेतकऱ्याचा नाइलाजही खरा आहे. माव्याच्या गोड विष्ठेने पाने चिकट होतात, त्यावर काळी बुरशी चढते. चिकट रुई सूतगिरणीच्या यंत्रात अडकते आणि भाव पडतो. मग फवारा पुन्हा खांद्यावर चढतो. २०१७ मध्ये याच जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. त्या फवारण्यांचा रोख केवळ माव्यावर नव्हता, बोंडअळीवरही होता.

कपाशीच्या कडेने चवळी पेरली, तर तिच्यावरील माव्यावर ढालकिडे आधीच पोसले जातात आणि कपाशीवर मावा दिसेपर्यंत तयार असतात. शेतात ढालकिडे पुरेसे दिसत असतील तर फवारणी लांबवावी, हे औषध विकणाऱ्या दुकानदारानेच गिऱ्हाइकाला सांगितले, तर त्या दिवशी त्याचा एक डबा कमी खपेल.