गाय कोणती घ्यावी?

मुंबई-ठाण्याच्या गर्दींतून सुटका व्हावी म्हणून शहापूर किंवा मुरबाड तालुक्यांत दोन-चार एकर जमीन घेणारीं कुटुंबें आतां थोडीं राहिलीं नाहींत. विहीर खणून होते, आंब्याचीं कलमें लागतात, आणि मग एके दिवशीं घरांतील कोणी तरी म्हणतें, "आतां दारीं एक गाय हवी." कल्पना उत्तम आहे. परंतु गाय घेतेवेळीं प्रश्न बहुधा एकच विचारला जातो, "दूध किती देते?" हा प्रश्न गैर नाहीं, पण अपुरा आहे. त्याच्या आधीं तीन प्रश्न विचारावयास हवेत. येथला पाऊस ती सोसेल काय? येथल्या चाऱ्यावर ती निभेल काय? आणि तिला गोऱ्हा झाला तर त्याचें आपण काय करणार? तिसऱ्या प्रश्नाचें उत्तर ज्याच्यापाशीं नाहीं, त्यानें गाय घेण्याची घाई करूं नये, हें सांगण्यासाठींच आजचें हें भाषण आहे.

प्रथम मुलूख पाहूं. हे दोन्ही तालुके सह्याद्रीच्या पश्चिम पायथ्याशीं आहेत. पावसाळ्याच्या चार महिन्यांत सुमारें अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि उरलेले आठ महिने बव्हंशीं कोरडे जातात. तानसा, भातसा, मोडकसागर या जलाशयांचें पाणी शहापूर तालुक्यांतून मुंबईस जातें. परंतु एप्रिल-मे महिन्यांत त्याच तालुक्यांतील कित्येक पाडे टँकरची वाट पाहत असतात. दुभत्या गाईस दिवसाला साठ-सत्तर लिटर, आणि उन्हाळ्यांत त्याहूनही अधिक पाणी लागतें, हें येथें आठवावें. चारा म्हणाल, तर भाताचा पेंढा आणि डोंगरउतारावरचें वाळलेलें गवत. पेंढ्यानें पोट भरतें, पण त्यांत प्रथिनें शेंकडा तीन-चारच असतात आणि तो पचण्यासही जड असतो. केवळ त्याच्यावर दुधाची गाय तोलून धरणें शक्य नाहीं.

अशाच मुलखांत घडलेली जात म्हणजे डांगी. डांग, नाशिक, अकोले तालुका आणि ठाण्याचा डोंगराळ भाग हें तिचें माहेर. महादेव कोळी, ठाकर आणि कानडे या लोकांनीं ती पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली. पांढऱ्या अंगावर काळे किंवा तांबडे ठिपके, मध्यम बांधा, शांत स्वभाव. तिच्या कातडींतून एक प्रकारचा तेलकट अंश पाझरतो, त्यामुळें पावसाचें पाणी अंगावर मुरत नाहीं. खूर काळे आणि दगडासारखे कठीण. चिखलांत ते कुजत नाहींत व खडकांत झिजत नाहींत. शहरी हिशेबानें मात्र ती तोट्याची ठरते. पहिलें वेत चार वर्षांनंतर येतें आणि एका वेताचें दूध सरासरीनें पांचशे लिटरांच्या आंतच भरतें.

पण तिच्या मालकाचा हिशेब निराळा होता. तिचें दूध मुख्यतः वासरासाठीं. घरीं येईल तो त्यांतला वांटा. त्या वासराचा भातखाचरांत चिखलणी करणारा बैल व्हावयाचा. आणि शेण राबासाठीं, म्हणजे भाताच्या रोपांची जागा भाजण्यासाठीं. तेथें गाईची परीक्षा भांड्यानें होत नसे, तिच्या पायाशीं उभ्या असलेल्या वासरानें होत असे.

मौज अशी, कीं विलायतेंतही याच हिशेबानें गाई पाळणारे शेतकरी आहेत. इंग्लंड-स्कॉटलंडच्या डोंगराळ कुरणांवर कांहीं गाईंचें दूध काढीतच नाहींत; वासरूं आईला पिऊन वाढतें, आणि पुढें तें मांसासाठीं विकलें जातें. अशी गाय बहुधा संकरित निवडतात. उदाहरणार्थ, दुधाळ फ्रीजियन मातेच्या पोटीं हेरफर्ड वळूपासून झालेली कालवड. आईकडून पुरेसें दूध येतें, बापाकडून काटकपणा आणि भरीव अंग. शिवाय दोन दूरच्या जातींच्या पहिल्या संकरांत एक विशेष जोम असतो. अशीं जनावरें अधिक जगतात, लौकर वाढतात आणि वेळेवर गाभण राहतात. मात्र संकरितांचाच आपसांत मेळ घातला, कीं पुढच्या पिढींत या जोमाचा निम्मा भाग ओसरतो.

आपल्याकडे संकराचा हेतु अर्थातच निराळा होता. तो केवळ दुधाचा. मणिभाई देसाई यांनीं १९६७ साली उरुळी कांचन येथें स्थापन केलेल्या बाएफ संस्थेनें हें काम गांवोगांवीं नेलें. राहुरीच्या कृषि विद्यापीठानें गीर, जर्सी आणि होल्स्टीन या तिन्ही रक्तांची 'फुले त्रिवेणी' तयार केली. नीट जोपासलेली संकरित गाय एका वेतास अडीच-तीन हजार लिटर दूध देते. डांगीच्या पांचपटींहून अधिक. देशावर अनेक घरांचे संसार या गाईनें सांवरले, हें कोणी नाकारूं नये. पण तेथें उसाचें वाढें आहे, लसूणघास आहे, कोरडी हवा आहे. कोंकणच्या दमट हवेंत तीच गाय धापा टाकते, गोचिडांपासून येणाऱ्या तापांना लौकर बळी पडते, आणि ओल्या गोठ्यांत तिचे खूर बिघडतात. तिच्या दुधाबरोबर हिरवा चारा, आंबोण, कोरडी जमीन आणि हांकेच्या अंतरावर पशुवैद्य हें सर्व विकत घ्यावें लागतें.

आणि आतां तो तिसरा प्रश्न. जन्मणाऱ्या वासरांपैकीं सुमारें निम्मे गोऱ्हे असतात. महाराष्ट्रांत गोवधास १९७६ च्या कायद्यानेंच बंदी होती. २०१५ मध्यें अमलांत आलेल्या दुरुस्तीनें ती वळू आणि बैल यांनाही लागू झाली. म्हणजे विलायतेचा मार्ग येथें बंद आहे. डांगीचा गोऱ्हा निदान औताला तरी चालतो. संकरित गोऱ्ह्यास वशिंड नांवालाच, म्हणून जूं नीट बसत नाहीं; ऊन चढलें कीं तो थकतो. त्यांत पॉवर टिलर आल्यापासून बैलांचीच गरज कमी झाली. मग अशा गोऱ्ह्यास दूध पुरेसें मिळत नाहीं, किंवा तो रात्रीं रस्त्यावर सोडला जातो. आपल्या चहांतील दुधाची ही बाजू सुशिक्षित घरांनीं तरी डोळ्यांआड करूं नये. कृत्रिम रेतनासाठीं आतां अशीं रेतमात्रा मिळते, कीं दहांपैकीं नऊ वेळां कालवडच व्हावी. संकरित गाय ठेवणारानें ती अवश्य मागावी. तरी दहावा गोऱ्हा उरतोच, आणि त्याची सोय आधींच ठरविलेली असावी.

निवड कशी करावी? बारमाही पाणी, थोडी हिरव्या वैरणीची जागा आणि कायम राहणारा जाणता माणूस असेल, तर विदेशी रक्त निम्म्याच्या आसपास असलेली संकरित गाय घ्यावी; पाऊण विदेशी रक्ताच्या मोहांत पडूं नये. या तिन्हींतील एक जरी नसेल, तर डांगी घ्यावी आणि दोन लिटरांत समाधान मानावें. डांगी गाय डांगी वळूसच दाखवावी. चांगल्या जातीचें रक्त तिच्याच मुलखांत पातळ करण्यांत शहाणपण नाहीं.

बाजारांत, मग तो मुरबाडजवळच्या म्हसा गांवच्या पौष पौर्णिमेच्या यात्रेंतला असो कीं घोटीचा, दुसऱ्या-तिसऱ्या वेताची, वासरासह असलेली गाय पाहावी. विकणारा कधीं कधीं एक वेळची धार चुकवून कास भरलेली दाखवितो. म्हणून लागोपाठ तीन वेळां आपल्यासमोर धार काढवावी. चारही सड मोकळे असावेत, दुधांत गांठी नसाव्यात. गाईला दगडावरून चालवून पाहावें. कानांतील बारा आंकडी बिल्ला व लसींची नोंद तपासावी. २०२२ च्या लंपी रोगानंतर हा हलगर्जीपणा परवडणारा नाहीं. घटसर्प आणि फऱ्या यांच्या लसी पावसाळ्यापूर्वीं टोंचाव्यात. पेंढा कसदार करावयाचा तर शंभर किलोंस चार किलो युरिया पन्नास लिटर पाण्यांत पूर्ण विरघळवून शिंपावा आणि तीन आठवडे घट्ट झांकून ठेवावा; सहा महिन्यांच्या आंतील वासरांस मात्र तो देऊं नये.

शेवटीं एकच. वासरूं जन्मल्यावर पहिल्या तासाभरांत त्याला चीक पाजावा. रोगाशीं झगडण्याची शक्ति त्याला तेथूनच मिळते. तें कालवड आहे कीं गोऱ्हा, हें त्या वेळीं पाहूं नये. ज्या घरीं दोघांनाही सारखाच चीक मिळतो, त्या घरानें गाय खुशाल घ्यावी.