बटण चालू आहे की बंद?

कार्डाचे ऑनलाइन, परदेशी आणि टॅप करून होणारे व्यवहार ग्राहकाला स्वतः चालू-बंद करता आले पाहिजेत, असा आदेश रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२० मध्ये बँकांना दिला. फसवणुकीपासून बचावाचे हे चांगले साधन आहे, पण पडद्यावर ते बहुधा एका इवल्याशा सरकत्या बटणाच्या रूपात समोर येते. समजा, तिथे ‘परदेशी व्यवहार बंद करा’ असे लिहिले आहे आणि शेजारचे बटण हिरवे आहे. आता व्यवहार बंद झालेत, की अजून चालू आहेत? दोन्ही अर्थ निघतात आणि प्रश्न पैशांचा असतो. म्हणून बटणाची रचना हा केवळ सजावटीचा भाग मानता येत नाही. आत्ताची स्थिती काय आहे, हे बटणाने नि:संदिग्धपणे सांगितलेच पाहिजे.

त्यासाठी फार काही करावे लागत नाही. बटणाशेजारी फक्त ‘परदेशी व्यवहार’ असे विषयाचे नाव लिहावे, हे नाव बटण दाबल्यावर बदलू नये. स्थिती मात्र ‘चालू’ किंवा ‘बंद’ अशी वेगळी लिहावी. नुसत्या रंगावर भिस्त ठेवू नये, कारण लाल-हिरव्यातला फरक न ओळखता येणारे लोक, विशेषतः पुरुष, सगळीकडे आहेत. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमचे निकषही हेच सांगतात. बटण आणि त्याची स्थिती ओळखू येण्यासाठी लागणारा आकार आजूबाजूच्या रंगापासून किमान ३:१ इतक्या कॉन्ट्रास्टने उठून दिसावा, अशी त्यांची अपेक्षा आहे. शिवाय सरकते बटण दाबताक्षणी बदल लागू होतो, अशी वापरणाऱ्याची समजूत असते. शेवटी ‘जतन करा’ दाबावे लागणार असेल, तर तिथे साधा टिकचा चौकोनच योग्य.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला, लोकांना सवय होते. रोज वापरायच्या बटणाची सवय होईलही. पण कार्डाची ही सोय वर्षातून एखाद्या वेळी, तीही घाईत किंवा घाबरलेल्या अवस्थेत उघडली जाते. दुसरा, शब्द आणि चौकटी वाढल्या की पडदा गजबजतो. पण अ‍ॅपलचाच अनुभव पाहा: कंपनीने २०१३ मध्ये आयफोनची आयओएस ७ ही प्रणाली आणताना अनेक बटणांच्या कडा काढून टाकल्या आणि नुसती रंगीत अक्षरे ठेवली. पुढच्याच वर्षी बटणांचे आकार पुन्हा दाखवण्याचा पर्याय कंपनीला सेटिंग्जमध्ये द्यावा लागला. सुटसुटीतपणा हवाच, पण अर्थ समजण्याच्या बदल्यात नको.

ॲप आणि संकेतस्थळे घडवणाऱ्यांनी एक चाचणी जरूर करावी: पडदा कृष्णधवल करून तो अनोळखी माणसाला दाखवावा. काय चालू आणि काय बंद, हे त्याला कोणालाही न विचारता सांगता आले, तरच ते बटण लोकांच्या हाती द्यावे.