फूटव्हॉल्व्ह आणि हृदयाच्या झडपा



विहिरीवरचा फूटव्हॉल्व्ह गळका झाला की काय होते, हे तुम्हांला सांगायला नको. मोटर चांगली, विहिरीत पाणीही आहे. पण पाइपातले पाणी खाली उतरते आणि पंप नुसता फिरत राहतो. आपल्या छातीतल्या पंपाचेही तसेच आहे.

हृदयाचे कप्पे चार, दोन वर, दोन खाली. उजवी बाजू रक्त फुप्फुसाकडे पाठवते, डावी सगळ्या अंगाला पुरवते. प्रत्येक खालच्या कप्प्याला दोन झडपा: एक रक्त आत येण्याच्या तोंडाशी, एक बाहेर जाण्याच्या. झडपेला स्वतःचा जोर नसतो. मागून दाब आला की उघडते, पुढचा दाब वाढला की मिटते. आत येण्याच्या झडपांना खालून दोऱ्यांसारखे तंतू असतात. म्हणून हृदय जोरात आवळले तरी त्या उलट्या होत नाहीत. डॉक्टर नळी लावून 'लब-डब' ऐकतात, तो झडपा मिटतानाचा आवाज. मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त असे एकाच दिशेने जाते.

झडप नीट मिटली नाही तर रक्त मागे फिरते. ताठरून उघडली नाही तर मागे तुंबते. दोन्हीत हृदयावर बोजा. मग धाप लागते, पाय सुजतात.

आपल्याकडे तरुण वयात झडप बिघडण्याचे मोठे कारण रुमॅटिक फीव्हर. साधारण ५ ते १५ वर्षांच्या मुलाचा घसा एका जातीच्या जंतूने दुखतो, बराही होतो. दोन-तीन आठवड्यांनी ताप येतो, सांधे आलटून-पालटून सुजतात. सांधे सुधारतात, झडपेची इजा मात्र राहू शकते. दाटीच्या वस्तीत हा जंतू लवकर पसरतो. तेव्हा आपल्या पोरांबरोबर तोडणी मजुरांच्या कोपीतल्या पोरांकडेही ध्यान द्या.

घसा दुखून ताप आला तर डॉक्टरांना दाखवा, औषध पुरे करा. रुमॅटिक फीव्हर होऊन गेला असेल तर दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलिनची सुई, डॉक्टर सांगतील तितकी वर्षे. "पोरगं खेळतंय की, आता सुई कशाला?" म्हणून मध्येच सोडू नका.

झडप बदलताही येते. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेची देशी झडप १९९० साली पहिल्यांदा रुग्णाला बसवली गेली. पण त्यासाठी मोठे ऑपरेशन, आणि अशा यांत्रिक झडपेवर रक्त न गोठण्याची गोळी जन्मभर. त्यापेक्षा वेळेवरची सुई केव्हाही परवडली.

— ऊस विकास अधिकारी