फोटोतला अंधार आणि धंद्यातले नुकसान

आमचा धंदा कापडाचा. तरीही आज फोटोविषयी लिहीत आहोत, कारण एका फोटोपायी आम्ही नुकसान सोसले आहे. डोंगरदरीचे चित्र छापून पडद्याचे कापड काढायचे होते. संगणकावर डोंगराची झाडी स्पष्ट दिसत होती. कापडावर मात्र काळा डाग उतरला. गिऱ्हाईकाने माल परत केला. त्यानंतर जी माहिती मिळवली, ती आमच्या व्यापारी व कारागीर बांधवांच्या उपयोगी पडावी.

संगणकाचा पडदा स्वतः उजेड देतो, कापड देत नाही. शिवाय कापडात रंग थोडा पसरतो. म्हणून गडद छटा एकमेकींत मिसळून जातात. छापण्याआधीच त्या मोकळ्या कराव्या लागतात.

मुळात दोष उजेडाचा. आकाश लख्ख आणि जमीन सावलीत असली, की कॅमेरा एकालाच सांभाळतो. अशा वेळी फोटोग्राफरकडून 'रॉ' फाईल मागावी. साध्या जेपेग फाईलमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात. १४ बिटच्या रॉ फाईलमध्ये १६,३८४. अंधारात दडलेला तपशील तिच्यातूनच जास्त निघतो.

दुरुस्ती करताना सगळा फोटो उजळू नये, आकाश फिके पडते. फोटोशॉपमध्ये 'शॅडोज' नावाची पट्टी फक्त गडद भाग उजळते. जिम्प हे फुकट सॉफ्टवेअरही हे काम करते. पट्टी फार ओढली तर सावलीत रंगीत ठिपके उठतात आणि चित्र राखाडी होते. थोडा काळा रंग राहू द्यावा. सावलीशिवाय डोंगराला उठाव नाही.

ही युक्ती संगणकाच्या आधीची आहे. अमेरिकेचे ॲन्सेल ॲडम्स यांनी १९४१ मध्ये न्यू मेक्सिकोतील हर्नांडेझ गावावरच्या चंद्रोदयाचा फोटो काढला. खालचा गावाचा भाग उठून दिसावा म्हणून १९४८ मध्ये त्यांनी निगेटिव्हच्या तेवढ्याच भागावर रसायनाची प्रक्रिया केली. म्हणजे उस्तादालाही अंधारावर मेहनत घ्यावी लागली.

शेवटची गोष्ट आमच्या अनुभवाची. ऑर्डर देण्यापूर्वी त्याच कापडावर, त्याच मशीनवर अर्धा मीटर नमुना छापून घ्यावा आणि तो दिवसाच्या उजेडात पाहावा. आम्ही तो खर्च वाचवायला गेलो आणि तागे परत घेऊन बसलो.